जांभळं पाणी

मेस्त्री : सहा पंचवीसला झालं. पुलावर दुरुस्तीसाठी लोखंडी खांब रोवलेत, त्यातल्या तिसऱ्यावर. एक हेडलाइट गेला, बंपर फाटला, बॉनेटला पोचा. माणसं धड आहेत. आता बसा, काकू.

काकू : बसते कसली! त्याला लागलंय का ते आधी सांगा.

मेस्त्री : कोणाला?

काकू : माझ्या जोडीदाराला. रात्रपाळीच्या. तुम्ही ज्याला ताड म्हणता त्याला.

मेस्त्री : कोपर खरचटलंय. बाकी ताड जसा उभा असतो तसा उभा आहे.

काकू : आणि मागे सवारी होती?

मेस्त्री : एक आजोबा. सात पंचविसच्या गाडीसाठी स्टेशनला निघालेले. त्यांच्या केसालाही धक्का नाही. ताडाने तिथल्या तिथे दुसरी टॅक्सी थांबवली, त्यांना बसवलं, सामान चढवलं, मग काच फडक्याने पुसत पुसत गाडी इथे गॅरेजात आणली.

काकू : मग आता आहे कुठे तो?

मेस्त्री : आजोबांच्या चष्म्याची डबी मागच्या सीटवर राहिली होती. ती द्यायला स्टेशनला गेलाय. पायी.

काकू : पायी? रात्रभर जागून, गाडी ठोकून, पायी?

मेस्त्री : मी म्हटलं, अरे डबीच तर आहे. तर म्हणतो, चष्मा काढल्यावर ठेवतील कशात.

काकू : असाच आहे तो.

मेस्त्री : तुम्ही कधी पाहिलाय त्याला?

काकू : नाही.

मेस्त्री : दोन वर्षं एकच टॅक्सी चालवताय दोघं.

काकू : सकाळी पावणेसातला किल्ली खुंटीला अडकवून तो जातो, सातला मी काढते. संध्याकाळी सातला मी अडकवते, आठला तो काढतो. भेटणार कधी? चंद्र-सूर्याचा संसार आहे आमचा. पण न बघता ओळखते मी त्याला.

मेस्त्री : ते कसं काय?

काकू : माझे पाय आखूड, त्याचे लांब. रात्रभर सीट मागे ढकलूनच चालवत असणार. पण सकाळी मी बसते तेव्हा सीट पुढे घेतलेली असते. माझ्या मापाची. एक खाच इकडची तिकडे नाही. आरसा खाली वळवलेला. गाडीचं तोंड रस्त्याकडे, कारण माझी मान आखडते आणि मागे बघून गाडी काढणं मला जमत नाही. हे मी कधी त्याला सांगितलेलं नाही हं. त्याच्या आधीचा जो होता, तो शेंगांची टरफलं ठेवून जायचा, तीही माझ्या बाजूच्या दारात. याने दोन वर्षांत एक टरफल सोडलं नाही. आणि काच धुण्याच्या पाण्याची टाकी रोज सकाळी काठोकाठ.

मेस्त्री : त्या टाकीचंच बोलायचंय मला.

काकू : का? रिकामी होती?

मेस्त्री : ऐका. पुलावर पुढच्या ट्रकने डबक्यातला गाळ उडवला. सिमेंटचा, करडा. अख्खी काच माखली. ताडाने वॉशरचा दांडा ओढला. पंप घुरघुरला, पाणी नाही. परत ओढला. नाही. तिसऱ्यांदा ओढला. वायपर कोरडाच फिरला आणि भिंतीला गिलावा करावा तसा गाळ सारखा करून ठेवला. त्यात समोरून गाड्यांचे दिवे डोळ्यांवर. याने खिडकीतून डोकं बाहेर काढून ब्रेक दाबला. वेग अगदी कमी झाला होता म्हणून वाचले. तोवर खांब आला.

काकू : म्हणजे टाकी रिकामीच होती.

मेस्त्री : छे हो. भरलेली. काठोकाठ.

काकू : मग?

मेस्त्री : हेच मालकांना हवंय. आठ वाजता फोन करणार आहेत. म्हणाले, मेस्त्री, चूक कोणाची ते एका वाक्यात सांग. ज्याची चूक त्याने किल्ली ठेवायची.

काकू : स्वतः बसलेत उंटावर, आणि हाकतात इथल्या शेळ्या.

मेस्त्री : नऊ टॅक्स्या आहेत त्यांच्या. एकेकीचं रामायण ऐकायला वेळ नाही त्यांना. आणि गाडी कोणाच्या हातात होती हे सगळ्यांना दिसतंय. मी दुसरं काही सांगितलं नाही तर किल्ली ताडाचीच जाईल.

काकू : त्याच्या घरी तान्ही पोरं आहेत, मेस्त्री. दोन.

मेस्त्री : हे तुम्हाला कोणी सांगितलं?

काकू : मोज्यांनी. गेल्या महिन्यात सीटखाली एक मोजा सापडला, माझ्या अंगठ्याएवढा. दुसऱ्या दिवशी आणखी एक. तिसऱ्या दिवशी तिसरा, त्याच रंगाचा. एका बाळाला तीन पाय नसतात. धुऊन पुढच्या कप्प्यात ठेवले. दुसऱ्या दिवशी कप्प्यात मोजे नव्हते, माझ्या घशासाठी खडीसाखर होती.

मेस्त्री : घसा बसला होता तुमचा?

काकू : औषधाचा रिकामा कागद राहिला असेल माझा कुठेतरी. त्याने वाचला.

मेस्त्री : जुळ्या मुली आहेत. बायको दिवसा कामाला जाते, म्हणून हा रात्री. एक जण आला की दुसरा बाहेर. दिवसपाळी परवडणार नाही त्याला, आणि रात्रीची गाडी या गावात दुसरी मोकळी नाही.

काकू : मग उघडा बॉनेट आणि सांगा काय झालंय ते. आठला पाऊण तासच राहिलाय.

मेस्त्री : उघडाच आहे. इकडे या, उजेडात. ही टाकी. हा तळाशी पंप. हा मी काढला. आणि पंपाच्या तोंडाशी ही जाळी असते, बघा.

काकू : शी! हे काय?

मेस्त्री : तुम्हीच सांगा.

काकू : सर्दी झालेल्या पोराच्या नाकातून येतं तसं दिसतंय.

मेस्त्री : नेमकं. असा गोळा जाळीवर बसला की पंप ओढून ओढून मरेल, पाणी येणार नाही. आता मला सांगा, ही टाकी भरतं कोण?

काकू : तो.

मेस्त्री : तो म्हणतो, तुम्ही.

काकू : काय?

मेस्त्री : स्टेशनला निघताना म्हणाला, मेस्त्री, टाकी काकू भरतात, रोज, काठोकाठ. त्यांची चूक नसणार. पंपच गेला असेल, बघा.

काकू : मीही भरते.

मेस्त्री : मीही म्हणजे?

काकू : म्हणजे भरतो तोच. रोज सकाळी भरलेली मिळते मला. पण मी दिवसभर वापरते, किडे असतात, धूळ असते, पाखरं असतात. तो रोज माझ्यासाठी भरणार आणि मी त्याला अर्धी देणार, हे बरं दिसतं का? म्हणून संध्याकाळी गाडी लावताना मी आपली भरून ठेवते. पिशवीत डबा असतो माझ्या.

मेस्त्री : आणि तो रात्रभर वापरतो, आणि सकाळी भरून ठेवतो. कारण काकू रोज भरून देतात.

काकू : म्हणजे दोन वर्षं...

मेस्त्री : दोन वर्षं तुम्ही दोघं एकमेकांची परतफेड करताय. लोक चोरून दारू पितात, तुम्ही चोरून काच धुता. त्याचा डबा कुठे आहे माहितीये? डिकीत, स्टेपनीच्या खाली. मी स्टेपनी उचलली म्हणून दिसला.

काकू : लपवून?

मेस्त्री : तुमचा तरी कुठे उघड्यावर होता? बरं, टाकीत पाणी कुठल्या रंगाचं दिसायचं तुम्हाला?

काकू : जांभळं.

मेस्त्री : आणि तुमच्या डब्यातलं?

काकू : निळं. अहो, मला वाटायचं जांभळं त्याचं आहे. वरून माझं थोडं पडलं तर काय फरक पडतो.

मेस्त्री : त्याचं गुलाबी आहे. तो येईल तेव्हा विचारा, तो म्हणेल जांभळं काकूंचं. सगळ्या गावात हे पाणी निळं मिळतं, हिरवं मिळतं, गुलाबी मिळतं. जांभळं कुणी विकत नाही. तुमच्या दोघांपैकी एकाने जरी टोपण उघडून नीट विचार केला असता...

काकू : पण दोन वर्षं काही झालं नाही. आजच कसं?

मेस्त्री : तेच मला कळत नाहीये. तुमचा डबा बघू.

काकू : हा घ्या.

मेस्त्री : हा कधी आणलात?

काकू : आठ दिवस झाले. नेहमीचा संपला होता. दुकानात हा नवीन दिसला. वर लिहिलंय, पावसाचे थेंब काचेवर टिकत नाहीत, आपोआप घरंगळतात. मला दिवसा कशाला हवंय ते? मला सगळं दिसतं. पण रात्रीच्या पावसात समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात, हे मला ठाऊक आहे, मीही चालवलीय रात्री. म्हटलं, त्याला बरं पडेल.

मेस्त्री : हं. ते दोन रिकामे पेले द्या. काचेचे. हो, चहाचेच, मी धुतो नंतर. यात तुमचं. यात ताडाचं. दोन्ही कसं दिसतंय?

काकू : स्वच्छ. आरपार.

मेस्त्री : आता एकात एक ओततो. बघत राहा. आकडे मोजा हवं तर.

काकू : जांभळं झालं... गढूळ होतंय. अगं बाई. दूध नासल्यासारखं झालं की हो!

मेस्त्री : त्याचा आहे साबणाचा. तुमचा पहिलाही साबणाचाच होता, म्हणून दोघांचं जुळत होतं. हा नवा साबणाचा नाही. काचेवर थर बसवणारा आहे. दोन्ही चांगले. एकत्र आले की गुठळी. आठ दिवस रोज थोडी थोडी जमत गेली, आज जाळी बंद झाली.

काकू : म्हणजे मी केलं हे.

मेस्त्री : मी तसं म्हटलं नाही.

काकू : तुम्ही कशाला म्हणायला हवं? डोळ्यांसमोर पेला आहे. करायला गेले चांगलं आणि त्या पोराला आंधळं केलं पुलावर. आजोबांना काही झालं असतं तर? त्यालाच काही झालं असतं तर? तीन मोजे धुतले आणि त्या पोरींच्या बापाला... फोन आला की मला द्या. मालकांना मीच सांगते. एका वाक्यात हवंय ना? पाणी मी बदललं. झालं वाक्य.

मेस्त्री : तुमचं वय किती, काकू?

काकू : एकोणसाठ. त्याचं काय?

मेस्त्री : ही किल्ली गेली तर दुसरी गाडी कोण देईल तुम्हाला?

काकू : कोणी नाही.

मेस्त्री : घरी बसणार?

काकू : मला घरी बसता येत नाही हे तुम्हाला माहितीये. नवरा गेला त्या वर्षी बसून बघितलं. भिंतीवरच्या पालीशी बोलायला लागले होते. पण म्हणून काय त्याच्या ताटातलं ओढून घेऊ? चूक माझी, किल्ली माझी. विषय संपला.

मेस्त्री : विषय आठ वाजता संपेल. तोवर मला काम करू द्या. टाकी धुतली, जाळी धुतली, नळीत हवा मारली. पंप बसवतो. तुम्ही आत बसा आणि मी सांगेन तेव्हा दांडा ओढा. नुसती हवा येते का बघू.

काकू : बसते.

मेस्त्री : ओढा. काकू, ओढा ना. हाताला लागत नाहीये का?

काकू : लागतोय.

मेस्त्री : मग झालं काय?

काकू : मेस्त्री, गाडी ठोकल्यावर इथे कोणी चालवत आणली?

मेस्त्री : ताडानेच. सांगितलं की.

काकू : तुम्ही सीटला हात लावलात?

मेस्त्री : मी बॉनेटमध्ये आहे मघापासून. का? अडकलीय?

काकू : नाही. पुढे घेतलेली आहे.

(बाहेरून बुटांचा आवाज जवळ येतो.)

ताड : मेस्त्री, मिळाले आजोबा! गाडीत चढत होते. डबी दिली. म्हणाले, अहो चष्मा तर माझ्या नाकावरच आहे, डबी नसती तरी चाललं असतं.

मेस्त्री : मी काय सांगत होतो?

ताड : पण खूश झाले. हात धरून म्हणाले... अरे. आत कोणी आहे का? काकू?

काकू : हो बाबा. मीच.

ताड : नमस्कार. मला वाटलं होतं आपण उंच असाल.

काकू : माझी सीट रोज तूच सरकवतोस आणि तुला वाटलं मी उंच आहे?

ताड : नाही, म्हणजे... बोलायला काहीतरी हवं म्हणून बोललो. माफ करा. आपल्या गाडीचं मी असं करून ठेवलं.

काकू : गाडी मालकांची आहे. तुझं कोपर बघू. हे नुसतं पाण्याने धुतलंस? मेस्त्री, औषध कुठे ठेवता?

मेस्त्री : फळीवर, ग्रीसच्या मागे.

काकू : ग्रीसच्या मागे औषध ठेवणारा माणूस मला टाकी कशी भरावी ते शिकवतोय. हात सरळ कर. ऐक, तुला एक सांगायचंय. पाणी मी बदललं. आठ दिवसांपूर्वी. तुझ्या पाण्यात मिसळून त्याची गुठळी झाली. तो पेला बघ. तुझी यात काही चूक नाही, आणि मालकांना मी तसंच सांगणार आहे.

ताड : पण टाकी तर आपणच भरता ना? माझं थोडंसंच असतं, वरून.

काकू : ऐका, मेस्त्री. हाही तेच म्हणतोय.

मेस्त्री : आणि जांभळं कोणाचं रे?

ताड : काकूंचं. त्याला हिरव्या सफरचंदासारखा वास येतो.

काकू : तो वास माझा नाही! मला वाटायचं तू अत्तर लावतोस.

मेस्त्री : वास त्याच्या गुलाबीचा आहे. झालं? आता आठला वीस मिनिटं आहेत.

ताड : काकू, आपण मालकांना काही सांगू नका. मला एक कबूल करायचंय. धार बारीक झालीय हे मला मंगळवारीच कळलं होतं.

मेस्त्री : मंगळवारी? आज शुक्रवार आहे.

ताड : मंगळवारी पहाटे. आधी कारंज्यासारखी उडायची, ती नुसती ओघळायला लागली. बुधवारी आणखी कमी. मेस्त्रींना सांगायचं तर सांगणार काय? मेस्त्री विचारणार, टाकीत काय भरलंय? मी म्हणणार, काकू भरतात. म्हणजे तक्रार झाली. दोन वर्षं जी बाई न सांगता माझ्यासाठी टाकी भरते, तिच्याबद्दल मी तोंड वर करून कसं म्हणू की धार बारीक येते?

काकू : बोलायचं होतंस रे.

ताड : कागदावर लिहून ठेवायचाही विचार केला. लिहिलंही. वाचलं तर फार उद्धट वाटलं. फाडून टाकलं.

काकू : काय लिहिलं होतंस?

ताड : काकू, धार बारीक आहे.

मेस्त्री : एवढंच?

ताड : एवढंच. कसंही लिहिलं तरी वाईटच दिसत होतं.

काकू : मला बुधवारी दिसली.

ताड : आपल्यालाही?

काकू : दिसली. म्हटलं, पोरगं रोज भरतंय, त्याला काय बोलायचं. थंडी पडलीय, आखडली असेल नळी, माझ्या मानेसारखी. होईल मोकळी. आणि मी वरून आणखी ओतलं.

मेस्त्री : धन्य आहात. एकमेकांचा मान राखता राखता खांबावर गेलात.

काकू : पण मला एक सांग, तू हे सुरूच का केलंस? आलास त्या पहिल्या दिवसापासून टाकी भरलेली मिळतेय मला. तेव्हा तर तुला माझं काही माहीतही नव्हतं.

ताड : पहिल्या दिवशी मी नव्हतं भरलं. मी आलो त्या रात्री टाकी आधीच भरलेली होती. मी टोपण उघडून बघितलं, जिथे जातो तिथे बघतो, सवय आहे. भरलेली बघून मला फार बरं वाटलं. नवी नोकरी, कोणी ओळखीचं नाही, आणि दिवसपाळीवाल्याने टाकी भरून ठेवलीय. घरी जाऊन बायकोला सांगितलं मी. म्हटलं, चांगली माणसं आहेत. म्हणून सकाळी निघताना मीही भरली.

काकू : मी नव्हती भरली.

ताड : आपणच भरली असणार.

काकू : अरे, त्या टरफलवाल्यासाठी मी कशाला भरेन? त्याची जागा कोण घेणार हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. मी नाही भरली.

ताड : मग कोणी भरली?

मेस्त्री : माझ्याकडे काय बघताय दोघं?

काकू : मेस्त्री?

मेस्त्री : त्या दिवशी सर्व्हिसिंग झालं होतं गाडीचं. मी टाकी रिकामी देत नाही. नळाचं पाणी होतं.

काकू : नळाचं?

मेस्त्री : साधं. त्या कोपऱ्यातल्या नळाचं.

ताड : म्हणजे दोन वर्षं मी ज्याचे आभार मानत होतो...

मेस्त्री : ते नळाचे. हसू नका, काकू. आणि तूही हसू नकोस, औषध सांडतंय.

काकू : हसू नको तर काय करू? सांगा ना! वाजला बघा फोन.

मेस्त्री : आठला दहा कमी आहेत अजून. यांना धीर म्हणून नाही. द्या इकडे. नाही काकू, तुमच्या हातात नाही. माझा आहे फोन. गप्प राहा दोघं.

काकू : मी सांगणार आहे हं.

मेस्त्री : हॅलो. हो, बोला. हो, बघितलं. हेडलाइट, बंपर, पोचा. दहापर्यंत रस्त्यावर येईल. ... चूक? हो, सापडली. यादीची. ... यादी हो. पाळी बदलताना दोघांनी तपासायची यादी, भिंतीवर लावलीय ती. अकरा गोष्टी आहेत. ब्रेक, हवा, दिवे, आरसे, वायपर. काच धुण्याचं पाणी नाही त्यात. म्हणून ते कोणी भरायचं, कुठलं भरायचं, बिघडलं तर कोणाला सांगायचं, काहीच ठरलेलं नाही. दोघांनी भरलं. दोन जातींचं. जाळी बंद झाली. ... नाही, मालक, यादी त्यांनी नाही केली. मी केली. वीस वर्षांपूर्वी. वाटलं, पाणीच तर आहे, पाण्याला कसली यादी. ... ते मला समजतंय. एक नाव हवं ना तुम्हाला? मग माझं घ्या. ... चेष्टा नाही करत. ... बरं. ... बरं. ... नाही, कोणी काढणार नाही. ठेवतो.

काकू : काय म्हणाले?

मेस्त्री : बारा वाजता स्वतः येतो म्हणाले.

ताड : स्वतः?

मेस्त्री : तो नासलेला पेला ओतू नका म्हणाले, बघायचाय त्यांना. आणि तोवर किल्ली खुंटीलाच राहील. कोणी काढायची नाही.

काकू : रागावलेत?

मेस्त्री : सुरुवातीला होते. नळाच्या पाण्याचं मी सांगितलंच नाही, ते तुम्ही सांगा. शेवटी गप्प झाले. मालक गप्प झाले की काय समजायचं हे मला वीस वर्षांत कळलेलं नाही.

काकू : तुम्ही आपलं नाव कशाला घातलंत मध्ये?

मेस्त्री : यादीत लिहायचं राहिलं ते माझंच राहिलं. आता बारावं कलम लिहितो. पण त्याआधी टाकीत काय भरायचं ते ठरवा. एकच. दोन नाही.

ताड : काकूंचं भरा. पाऊस झाला परवा, खरंच थेंब टिकले नाहीत काचेवर. मला वाटलं होतं, काच नवी बसवलीय की काय.

काकू : दिसला फरक?

ताड : फार. समोरचे दिवे विरघळत नव्हते. त्या रात्री चार तास चालवली, डोळे दुखले नाहीत.

काकू : बघा मेस्त्री! नाही पण, त्याचंच भरा. सफरचंदाचा वास येतो.

मेस्त्री : वासावर काच धुता का? डब्यावरची बारीक अक्षरं वाचतो, ऐका. काकू, तुमच्यावर लिहिलंय, पारा शून्याखाली गेल्यास वापरू नये. पुढच्या आठवड्यात पहाटे जाणार आहे खाली. नळीत बर्फ होईल. ताडाचं उणे वीसपर्यंत चालतं. म्हणून आता गुलाबी. थंडी संपली की टाकी पूर्ण रिकामी करायची, साध्या पाण्याने दोनदा धुवायची, मग काकूंचं. मधे कोणी कोणावर उपकार करायचे नाहीत. संपलं तर भरायचं, आणि भरलं की यादीवर खूण करायची.

काकू : काठोकाठ भरू नका, दोन बोटं सोडा. गोठलं तर फुगतं.

मेस्त्री : मला शिकवा आता. घ्या, भरलं. दोन बोटं सोडून. ताडा, तू घरी जा, पोरी उठल्या असतील.

ताड : बायकोला कळवलंय, ती थांबलीय आज. बारापर्यंत थांबतो मी.

काकू : मग मागच्या सीटवर आडवा हो जरा.

ताड : मावत नाही मी.

मेस्त्री : झोप नंतर. किल्ली नाही, म्हणून पंपाला थेट तार लावतो. काकू, तुम्ही परत आत बसा. ताडा, तू समोर उभा राहा आणि बघ. लावू?

काकू : लावा.

मेस्त्री : आलं का काही?

ताड : आलं. या बाजूची छान उडतेय.

काकू : माझ्यासमोर आलं बाई! गुलाबी आहे!

मेस्त्री : सगळं ठीक ना, ताडा? अरे, विचारतोय मी. गप्प का?

ताड : काकू.

काकू : काय रे?

ताड : तुमच्या बाजूची धार अजून बारीक आहे.